चार नंबरच्या टाकीवर एक जास्त

बत्तीस हा आकडा मी सोमवारी सकाळी साडेदहाला लिहिला, आणि लिहिताना मला पक्कं माहीत होतं की कागदोपत्री तो एकतीस आहे.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्ते भरते. शहराला पाच टाक्या आहेत. आमच्या घरी चार नंबरच्या टाकीचं पाणी येतं आणि माझ्या टेबलावरही चार नंबरच आहे, त्यामुळे मी ऑफिसातही तेच पाणी मोजते आणि घरी जाऊन तेच पिते. वर्षातून एकदा पुढच्या वर्षाचा अंदाज मुख्य कचेरीत पाठवायचा असतो. सध्या माणसं किती, राहायला येतील किती, सोडून जातील किती, मरतील किती आणि जन्मतील किती. मरणारे सरासरीवरून काढतात. जन्मणारे दवाखान्याच्या पत्रावरून. नाव नोंदवलेल्या गरोदर बायका जितक्या, तितकी बाळं. यंदाच्या पत्रात होत्या एकतीस.

सगळ्याची बेरीज अकरा हजार आठशे शेहेचाळीस. टाकीची क्षमता दहा हजार आठशे माणसांची. ती वजा केली की एक हजार शेहेचाळीस उरतात, आणि ते लाल पेन्सिलीने शेवटच्या रकान्यात लिहायचे. त्या रकान्याचं नाव आहे 'जास्त'.

सात वर्षं मी तो रकाना भरते आहे. कुणी 'जास्त' म्हटलं की मला घाम फुटतो, तो त्यामुळेच. पाच वर्षांपूर्वी माझी मुलगी झाली तेव्हा त्या वर्षीच्या जन्मांत तिलाही मीच लिहिलं होतं आणि मग तीही बेरजेतून वाहत वाहत त्या लाल आकड्यात गेली. ती नेमकी कितवी जास्त, हे आकड्यावरून कळत नाही. पण रस्त्यावरून चालताना मी माणसांकडे बघायचे आणि मनात यायचं, ह्यातले जास्तीचे हजार कोण? तो छत्री दुरुस्त करणारा? ती शाळेची बस चालवणारी बाई? की आमची गोटी? तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ती कुठेही घरंगळत जाते आणि कोपऱ्यात सापडते, म्हणून गोटी.

मी जन्मले तेव्हा पृथ्वीवर साडेपाच अब्ज माणसं होती. आता आठ अब्जांच्या वर गेली. हे मी कॉलेजात शिकले आणि तेव्हापासून विसरू शकलेले नाही. गोटीनंतर मी जाहीर करून टाकलं होतं, "एक बास." पाळणा, दुपटी, झबली, सगळं वाटून टाकलं. पाळणा न्यायला हातगाडीवाला आला तेव्हा सासूबाई खोलीतून बाहेरच आल्या नाहीत.

आणि आता आदल्या आठवड्यात बाथरूमचं दार लावून, आतलं काही कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून (मी! नळ सोडून!) मी चाचणीच्या त्या कांडीकडे बघत बसले होते. दोन रेघा. बादली भरून वाहायला लागली तेव्हा कुठे भानावर आले.

कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो काम करतो त्या बेकरीतच त्याने नाचायला सुरुवात केली असती, आणि मग 'थांब, मला विचार करू दे' म्हणायला जागाच उरली नसती. दवाखान्यात नाव घालायला गेले नाही. पण सोमवारी तक्ता समोर आला आणि जन्मांच्या रकान्यात एकतीस लिहायला माझा हात उठेना. एकतीस खोटं होतं. सात वर्षांत मी तक्त्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. पेन्सिलीने आपोआप बत्तीस लिहिले, बेरीज एकने पुढे सरकली, आणि लाल रकान्यात एक हजार सत्तेचाळीस झाले. मग मी तक्ता घडी करून साहेबांच्या ट्रेमध्ये टाकला आणि एक माणूस कुणाच्या लक्षात येणार, अशी स्वतःची समजूत घातली.

आमच्या साहेबांना हे कळलं असतं तर ते दुखावले असते. त्यांना सगळे पट्टीसाहेब म्हणतात. लाकडी फूटपट्टी एकेका ओळीखाली ठेवून, पेन्सिल कानावर अडकवून, ते प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघतात. कॉम्प्युटर आल्याला जमाना झाला, पण त्यांचं म्हणणं असं की कॉम्प्युटरला बेरीज येते, शंका येत नाही.

मंगळवारी दुपारी त्यांची पट्टी थांबली.

"बाई," ते म्हणाले, "जन्म बत्तीस?"

"हो साहेब."

"पत्र एकतीस म्हणतंय."

"हो साहेब."

"मग हा एक आला कुठून?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. तिसरी कानसेन. गळती शोधणाऱ्या खात्यातली ही बाई पन्नाशीच्या पुढची आहे, खांद्यावर कायम एक लांब लोखंडी सळई. सळईच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी बसवलेली. सळईचं टोक जमिनीवर किंवा पाइपावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि जमिनीखाली पाणी कुठे फुटलंय ते ऐकायचं. मशिनं आली तरी कानसेनच्या कानाची सर नाही, असं मशिनं विकणारेही मान्य करतात. ती त्या वेळी खिडकीत बसून चहा पीत होती.

"असू द्या ना साहेब," मी म्हणाले. "एकाने काय होतंय?"

पट्टीसाहेबांनी पट्टी खाली ठेवली. असं ते क्वचितच करतात. "एकाने काय होतंय? बाई, हे तुम्ही बोलताय? गेल्या वर्षी टाकीच्या राखणदाराच्या घरची माणसं चार की पाच म्हणून तुम्ही चढण चढून त्याच्या घरी मोजायला गेला होतात!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तोंडातून शब्दांऐवजी हुंदका आला. भर ऑफिसात. साहेबांचा चेहरा इतका घाबराघुबरा झाला की मला एकीकडे रडू येत होतं आणि दुसरीकडे त्यांची दया येत होती.

कानसेनने चहाचा कप खाली ठेवला. "अहो साहेब, कुठून आला काय विचारता? तो एक इथेच बसलाय तुमच्यासमोर. आईच्या पोटात."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पत्राकडे बघितलं, मग तक्त्याकडे. त्यांचे कान लाल झाले. उठून उभे राहिले, पुन्हा बसले, पट्टी सरळ केली, ती सरळच होती. "म्हणजे... अभिनंदन. म्हणजे आकडा बरोबर आहे म्हणायचा."

"बरोबर आहे," मी नाक पुसत म्हणाले. "पण जास्त आहे. तुम्हीच बघा ना. लाल रकान्यात आधीच हजारच्या वर आहेत, आणि त्यात मी शहाणी, शिकलेली, रोज तो रकाना भरणारी, अजून एक आणून टाकते. काय सांगू मी त्याला? तुझ्यासाठी जागा नव्हती तरी तू आलास?"

मग साहेबांनी घसा साफ केला. "ते मला कळत नाही, बाई. मला एवढंच कळतं की आकड्यामागे कागद लागतो. तक्ता शुक्रवारी संध्याकाळी जातो. तोपर्यंत दवाखान्याचा कागद आणा. नाही आणलात तर..." त्यांनी टेबलावरच्या खोडरबराकडे बघितलं आणि नजर लगेच दुसरीकडे वळवली. "नाही आणलात तर मला तो एक खोडावा लागेल."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण 'खोडावा लागेल' हे शब्द माझ्या पोटात जाऊन बसले. शुक्रवारपर्यंत एक तर कागद, नाही तर रबर.

जिन्यात कानसेनने मला गाठलं. "पोरी, एका माणसाला रोज किती पाणी धरता गं तुम्ही तक्त्यात?"

"शंभर लिटर, मावशी."

"शंभर?" ती इतक्या जोरात हसली की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर बघायला लागला. "शंभर लिटरसाठी एवढी रडलीस? अगं, शंभर लिटर पाणी मी रोज वाहताना ऐकते आणि 'हे लहान आहे, नंतर बघू' म्हणून पुढे जाते. तू कधी गळती ऐकली आहेस?"

"मी ती भरते. दुसऱ्या पानावर. अठ्ठावीस टक्के."

"भरतेस. ऐकली नाहीस." तिने सळई या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "उद्या पहाटे पाचला टाकीच्या उताराखाली ये. गाड्या सुरू व्हायच्या आत. आणि रिकाम्या पोटी येऊ नकोस, वाकायचं असतं. ओकलीस तर ते पण ऐकू येतं मला."

त्या संध्याकाळी घरी सगळं नेहमीसारखं होतं, म्हणजे मी नळाची तोटी तपासत होते आणि सासूबाई मला तपासत होत्या.

"चहा सोडलास वाटतं," त्या म्हणाल्या.

"उष्णता होते, आई."

"अस्सं."

त्या भाजी निवडत होत्या. गोटी त्यांच्या शेजारी बसून देठांच्या रांगा लावत होती. सासूबाई नऊ भावंडांतल्या सहाव्या. दोन खोल्यांत अकरा माणसं वाढली. मी पृथ्वीची काळजी काढली की त्या म्हणतात, आमच्या घरात पृथ्वीपेक्षा गर्दी होती. लहानपणी एका पांघरुणात चौघी झोपायच्या, आणि मधली जागा मिळावी म्हणून संध्याकाळपासून मारामारी. हे सांगताना त्या हसतात. पण एकदा हसता हसता थांबून म्हणाल्या होत्या, "आईला मात्र कधी झोपलेली बघितली नाही गं मी." दोन्ही खरं असावं.

"आजी, जास्त म्हणजे काय?" गोटीने विचारलं. मी घरून ऑफिसशी फोनवर बोलते ते शब्द ती पकडते.

"तुझ्या ताटात जे उरतं ते."

"मग ते कुणाचं असतं?"

"माझं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून मी अशी गोल झाले."

बुधवारी पहाटे नवरा नेहमीप्रमाणे तीनलाच बेकरीत गेलेला होता. आमचा संसार पाव आणि पाणी यांच्यावर चालतो, असं तो म्हणतो. सासूबाईंना 'ऑफिसचं काम आहे' सांगून मी निघाले. त्यांनी डोळेही न उघडता "स्वेटर घाल" म्हटलं.

कानसेन उताराखाली उभी होती. रस्ता रिकामा, आकाश फिकट होत चाललेलं. तिने मला आधी एका झाकणाशी नेलं, झाकण काढून आतल्या व्हॉल्व्हवर सळई टेकवली आणि वाटी माझ्या कानाला लावली.

सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. मग धडधड.

"पाणी ऐकू येतंय, मावशी!"

"ते तुझं काळीज आहे. ते वजा कर आणि उरलेलं ऐक."

वजाबाकी हा माझा धंदाच. मी डोळे मिटले. धडधडीच्या मागे हळूहळू एक गुणगुण वर आली, जाड, सरळ, एका सुरातली. मोठ्या पाइपातून उताराने निघालेलं पाणी. चार नंबरचं पाणी. सात वर्षं मी त्याचा हिशोब ठेवत होते आणि त्याचा आवाज असा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

"हे निरोगी," कानसेन म्हणाली. "आता आजारी ऐकू."

आम्ही दर दहा पावलांवर थांबत गल्लीतून पुढे गेलो. ती ऐके, मान हलवी, मला वाटी देई. एके ठिकाणी फक्त कुणाची तरी मोटर. एके ठिकाणी एक माणूस आंघोळ करत गात होता, तेही स्पष्ट, आणि बेसूर. मग गल्लीच्या टोकाला एका विटांच्या भिंतीपाशी कानसेन थांबली, बराच वेळ थांबली, आणि न बोलता वाटी माझ्याकडे केली.

मी फरशीवर गुडघे टेकले. गुणगुण होतीच, पण तिच्यावर आता एक बारीक शीळ होती. स्स्स्स... दातांतून हवा सोडल्यासारखी. थांबतच नव्हती.

"किती दिवसांपासून असेल?" मी विचारलं.

"वरची फरशी ओली नाही. पाणी खालच्या खाली गटारात जातंय. दोन वर्षं? तीन? तक्रार कोण करणार, कुणाला दिसतच नाही."

गोटी दोन वर्षांची असल्यापासून. ती झोपायची, उठायची, बोलायला शिकायची, आणि इथे जमिनीखाली हे रात्रंदिवस चालू. मी कान काढला नाही. माझी ओढणी धुळीत लोळत होती आणि मी पालथी पडल्यासारखी रस्त्याला कान लावून होते, तेवढ्यात पाठीमागे दार उघडलं आणि गरम पावाचा वास आला.

"अगं! काय झालं? पडलीस?"

नवरा. पिठाने पांढरा झालेला, हातात रिकामा ट्रे. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की विटांची ती भिंत बेकरीची मागची भिंत आहे. सात वर्षांत मी पुढच्या दारानेच आले होते.

"पडले नाही. ऐकतेय."

"रस्ता?"

"तुमच्या भिंतीखाली पाणी फुटलंय."

"तरीच!" तो म्हणाला. "भिंतीच्या या कोपऱ्यात ते गवत कसं हिरवंगार असतं, मी रोज विचार करतो. मालक म्हणतात माती चांगली आहे." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "पण तू तक्त्यांवरची. तू इथे पहाटे काय करतेस?"

कानसेनने अचानक आपल्या सळईच्या वाटीत फार रस घेतला आणि ती पुसत पुसत दहा पावलं लांब गेली.

मी इतके दिवस वाक्यं तयार केली होती. एकही आठवेना. "मी एका माणसाचं पाणी शोधतेय," मी म्हणाले. "तक्त्यात एक जास्त झालाय. आपल्या घरचा."

त्याला कळायला वेळ लागला. मी त्याच्या चेहऱ्यावर ते कळत जाताना बघितलं. आधी कपाळ, मग डोळे, मग ट्रे हातातून सुटला आणि गल्लीभर खणखणाट झाला. वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ए, झोपू द्या की!"

तो नाचला नाही. माझ्यासमोर फरशीवर बसला, आणि त्याचे पिठाचे हात माझ्या गुडघ्यांवर उमटले. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दहा दिवस."

"दहा दिवस एकटी आकडेमोड करत बसलीस?"

"तू खूश झाला असतास."

"हो, झालोच असतो. हा काय गुन्हा आहे?"

"मग मला घाबरायला जागा उरली नसती."

त्याने पडलेला ट्रे जवळ ओढला. मग म्हणाला, "बरं. मग आधी घाबरून घेऊ. मी पण घाबरतो. दोन दोन पोरांच्या फिया, तुझी झोप, आईचे गुडघे, दुष्काळ, आठ अब्ज. चल, किती वेळ घाबरायचं सांग. माझ्या भट्टीत पाव आहेत, दहा मिनिटं देऊ शकतो."

मला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना. तोही हसायला लागला, आणि लांबून कानसेनचा आवाज आला, "झालं का? मला खोदायची माणसं बोलवायचीत!"

साडेसातला फरशी उखडली. सांध्यातून पाण्याची एक पातळ धार तिरकी उडत होती, नळाखाली हात धुतो तेवढीच. कानसेनने तिच्याखाली दहा लिटरची बादली धरली आणि मला घड्याळ लावायला सांगितलं. बादली साडेचार मिनिटांत भरली.

मी तिथेच, बेकरीच्या कागदी पिशवीवर, नवऱ्याकडून पेन्सिल घेऊन भागाकार केला. मग पुन्हा केला. दिवसाला बत्तीसशे लिटर. बत्तीस माणसं.

"काय गं, अशी भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" कानसेनने विचारलं.

मी पिशवी तिच्यापुढे धरली. तिने ती लांब धरून वाचली. "मग? सगळ्यांचंच निघालं की. यंदाच्या बाळांची अख्खी वरात." आणि फुटक्या सांध्यावर क्लॅम्प आवळायला वाकली.

मी ऑफिसात पोचले ती मातीने माखलेली, गुडघ्यांवर पिठाचे पंजे. कुणाशी न बोलता चार नंबरची फाइल काढली. पहिलं पान, माणसांचं. दुसरं पान, गळतीचं. पहिलं पान पट्टीसाहेबांच्या ट्रेमध्ये जातं, दुसरं वरच्या मजल्यावर इंजिनिअरांकडे. दोन्ही मीच भरते, पण सात वर्षांत एकदाही मी ती शेजारी शेजारी ठेवली नव्हती. तशी पद्धतच नव्हती.

टाकीतून रोज पंधरा लाख लिटर सुटतं. अठ्ठावीस टक्के वाटेत हरवतं. उरतं दहा लाख ऐंशी हजार. माणशी शंभर म्हणजे दहा हजार आठशे माणसं. हीच ती क्षमता, जी मी दर वर्षी वरून आलेल्या आज्ञेसारखी उतरवून घेत होते. टाकीची क्षमता ती नव्हतीच. कुणीतरी कधीतरी गळती आधीच वजा करून, जणू ती हवामानासारखी असायचीच असं धरून, ती छापून ठेवली होती. हरवणारं पाणी होतं बेचाळीसशे माणसांचं. आणि लाल रकान्यात होती हजारभर. चार थेंबांतला एक थेंब वाचवला की लाल रकाना रिकामा.

मी पिशवी, पान एक आणि पान दोन साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी पट्टी घेतली. पहिल्या पानावर फिरवली, दुसऱ्या पानावर फिरवली, मग दोन्ही पानं जोडून पट्टी आडवी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "मी एकतीस वर्षं हे तपासतोय."

"आणि मी सात वर्षं भरतेय, साहेब."

"एकही आकडा चुकीचा नाही."

"एकही नाही."

"हेच वाईट," ते म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून पानाच्या तळाशी स्वतःच्या हाताने एक नवीन रकाना आखला. नाव काय द्यावं यावर दहा मिनिटं गेली. शेवटी त्यांनी लिहिलं 'सापडलेलं'. त्याखाली: बेकरीमागची गल्ली, बत्तीस.

पृथ्वीचं गणित एवढ्याने सुटत नाही, हे मला माहीत आहे. सगळ्याच गोष्टी जमिनीखाली शीळ घालत नाहीत, आणि सगळ्यांना क्लॅम्प बसत नाही. सासूबाईंच्या आईला झोप मिळायला हवी होती हेही खरंच. मी अजून काळजी करते. पण त्या दुपारी पहिल्यांदा मला माझ्या काळजीला हात फुटल्यासारखे वाटले.

घरी नवऱ्याने सांगण्याचा मान मला दिला. मी सासूबाईंसमोर बसले. "आई, एक सांगायचंय."

"बोल. तीन आठवडे वाट बघतेय."

"तीन? मलाच दहा दिवस झालेत!"

"चहाचा वास आला की तोंड फिरवतेस. तुला काय वाटलं, या घरात लक्ष ठेवणारी तू एकटीच?" आणि त्या उठून जिन्यात गेल्या आणि खाली वाकून हाक मारली, "शिंपीणबाई! चिंध्या काढून ठेवा! पाळणा वर पाठवा!"

हातगाडीवाल्याला त्या दिवशी त्यांनी मागच्या दाराने गाठलं होतं. पाच वर्षं आमचा पाळणा खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे कापडाच्या तुकड्यांनी भरून उभा होता, आणि मी, जी शेजारच्या घरात नळ ठिबकला तरी ओळखते, तिला पत्ता नव्हता.

"तुम्ही मला सांगितलं असतंत तर?"

"तू देऊन टाकला असतास तो," त्या म्हणाल्या. "तू घाबरतेस तेव्हा वाटून टाकतेस. मी घाबरते तेव्हा ठेवून घेते. घर दोघींनी चालतं."

गोटी बातमी ऐकून थोडा वेळ गंभीर झाली. "ते बाळ जास्त आहे का?"

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. "त्याचं पाणी सापडलंय. बाबाच्या भिंतीखाली होतं."

"मग माझं कुठे आहे?"

"ते शोधायला पुढच्या बुधवारी जायचंय. येशील?"

शुक्रवारी सकाळी मी दवाखान्यात गेले. नोंदणीच्या खिडकीतल्या नर्सने नाव, वय, पत्ता लिहून घेतला. आत डॉक्टरांनी पोटावर यंत्र टेकवलं आणि खोलीभर धडधड घुमली, भरधाव, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने. मी सवयीने डोळे मिटले आणि माझी वजा करायला लागले. मग लक्षात आलं, ही माझी नव्हतीच. वजा करायला काही नव्हतं.

संध्याकाळी चारला मी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. कानसेनही आली होती, उगाच, चहाच्या निमित्ताने. साहेबांनी पट्टी कागदाखाली धरली.

"नाव बरोबर. टाकी चार बरोबर. नोंदणी क्रमांक..." ते थांबले. "चौतीस?"

"काय?"

"तुमचा क्रमांक चौतीस आहे, बाई. पत्र आल्यापासून आणखी दोघींनी नाव घातलंय. तुमच्या आधी."

तक्ता जायला एक तास. सगळ्या बेरजा पुन्हा. पट्टीसाहेबांनी खोडरबर उचललं, आणि ज्या रबराने चार दिवस माझी झोप उडवली होती त्याने बत्तीस खोडले. त्या जागी त्यांनी चौतीस लिहिले, नेहमीपेक्षा थोडे ठसठशीत, आणि कागदावरचा चुरा फुंकरीने उडवला.

"दोघं बिनपाण्याचे राहिले की," कानसेन म्हणाली. तिने कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकवलेली सळई खांद्यावर घेतली. "काय गं पोरी, सोमवारी पाचला?"

"पावणेपाचला," मी म्हणाले. "आणि मावशी, मला माझी वेगळी सळई हवी."